सव्वापाचाले दिवस बुडते!

"जेल पायली, थे समजलं. मंग बाकीचे दिवस तू केलं काय तिथी?"

काकूंनी हे भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून विचारलं. कोपरं टेकली म्हणजे उत्तर पुरतं ऐकल्याशिवाय त्या हलत नाहीत, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भिंतीवर सूप, सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा, आणि बोलता बोलता सोले काढणं चालूच. जानेवारीत जळगाव जामोदला दुपारच्या वेळी बायांचे हात रिकामे नसतात; तोंडंही नसतात.

या प्रश्नामागे खरं तर बँकेतल्या वैनी होत्या. वैनी यात्रा कंपनीबरोबर अंदमानला जाऊन आल्या, तेव्हापासून 'आम्ही पाच बेटं केली' हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ झालंय. चारधाम करावेत तशी त्यांनी बेटं केली. पहाटे चारला उठून बोटीसाठी रांग, दुपारी वाळूत फोटो, रात्री बॅगा भरायच्या. पोर्ट ब्लेअरात त्या फक्त झोपल्या. मी मात्र भाचीकडे त्याच गावात राहिले आणि लांबच्या बेटांकडे फिरकलेच नाही. म्हणजे मास्तरीणबाईंनी पैसे पाण्यात घातले, असा गल्लीचा निकाल लागला होता. काकू आता फेरतपासणीला आल्या होत्या.

"गाव पाहत होते, काकू."

"गावात काय पायचं व? गाव त आपलंही हाये."

"आपलं सपाट आहे. ते सगळं टेकड्यांवर आहे. भाचीच्या घरात रस्त्यावरून शिरलं की आपण पहिल्या मजल्यावर. मागचं दार उघडून खाली पाहावं, तर दोन मजले उतरल्यावर अंगण. अन् त्या अंगणाच्या खाली दुसऱ्याच्या घराचं टिनाचं छप्पर. अबर्डीन बाजारात भाजी घ्यायला जा, तर जाताना उतार अन् पिशवी भरल्यावर चढ."

"हे त उलटं झालं. भरल्या पिशवीले उतार पायजे."

आपली माणसं तिकडे जातात ती एक तर जेलसाठी, नाही तर निळ्या पाण्यासाठी. मधलं गाव उतरायला आणि चढायला वापरतात. वास्तविक मुक्काम करावा असं तेच. डोंगराच्या कुठल्याही वळणावर उभं राहा, दोन घरांच्या फटीतून समुद्र दिसतोच. पाऊस आपल्या चौपट, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे भिंतीच्या सांदीतूनही नेचे फुटलेले. सुपारी, नारळ, केळी, आणि गाव संपलं की लगेच रान. मध्ये वावरं-बिवरं काही नाही. राजधानीचं ठिकाण, पण रात्री आठनंतर कुत्रं भुंकलं तरी समोरच्या टेकडीवर ऐकू जावं अशी शांतता.

"नाव बदललं म्हने त्याचं?"

"हो. सप्टेंबर २०२४मध्ये श्री विजयपुरम केलं. रिक्षावाले अजून ब्लेअरच म्हणतात. तो ब्लेअर म्हणजे समुद्राची मोजणी करायला आलेला साहेब. १७८९ला त्यानं पहिली वसाहत वसवली. ती हलवली उत्तरेला, तिथं माणसं आजारानं पटापट गेली, अन् १७९६ला गाशा गुंडाळला. पुन्हा आले ते १८५७च्या बंडानंतर. मार्च १८५८मध्ये दोनशे कैदी घेऊन."

"म्हंजे जेल आधी, गाव मांगून."

"जेलची इमारत तर आणखी मागून. ती १८९६ ते १९०६. आधीची जवळजवळ चाळीस वर्षं ते अख्खं बेटच जेल होतं. पळून जाशील तर कुठं जाशील?"

जेलवर मी जास्त बोलले नाही. सावरकर ४ जुलै १९११ला तिथं पोचले, मे १९२१मध्ये दोघा भावांना तिथून हलवलं, खोबरेलाचा कोलू, रोजचं तीस पौंड तेल, हे काकूंना वैनींकडून कळलंच होतं. वैनींनी न सांगितलेली गोष्ट एवढीच, की सात फाट्यांपैकी आता तीन उभे आहेत आणि पाडलेल्या जागेवर सरकारी दवाखाना आहे. बाळंतिणी, ताप आलेली पोरं, डबे घेऊन धावणारे नातेवाईक. जेल पाहायला आलेला माणूस त्या दवाखान्याकडे बघतसुद्धा नाही. मला मात्र ते बरं वाटलं.

"बरं, थे दिवस लवकर बुडते म्हनत व्हती तू फोनवर?"

"सव्वापाचला! म्हणजे आपल्याकडे दुपारचा चहा होतो न होतो तोच. घड्याळ आपलंच, पण ते गाव आपल्यापेक्षा सोळा रेखांश पूर्वेला. तासाभरापेक्षा जास्त फरक पडतो. सकाळी साडेपाचला झुंजूमुंजू, अन् संध्याकाळी साडेसहाला मिट्ट काळोख."

काकूंचा अंगठा शेंगेच्या शिरेवर थांबला. "मंग सैपाक कवा करतेत?"

भूगोलाच्या बत्तीस वर्षांच्या वर्गात असा मुद्द्याचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. भाची कुकर साडेसहालाच लावते. नऊला गाव झोपतं.

"अन् लोक कोनते? मद्राशी का बंगाली?"

हा विषय निघाला तशा काकू भिंतीच्या आणखी जवळ आल्या. मी त्यांना शादीपूर सांगितलं. गावातली एक वस्ती, लग्न लागलेल्या कैद्यांची म्हणून ओळखली जाते. त्या काळी बायकाही काळ्या पाण्यावर जात. वर्तन चांगलं ठेवलं की काही वर्षांनी पुरुष कैद्याला जमिनीचा तुकडा मिळायचा आणि लग्नाची परवानगी. मग बायकांच्या तुरुंगातून पसंती. कुठला पंजाबचा, कुठली बंगालची.

"पत्रिका?"

"कसली पत्रिका! तोही खुनाच्या गुन्ह्यातला, तीही खुनाच्या गुन्ह्यातली."

"म्हंजे छत्तीस गुन जुयले," काकू म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या हसल्या की सूप कलंडता कलंडता राहिलं.

त्यांची पोरंबाळं म्हणजे आजचे 'लोकल बॉर्न'. बोली हिंदी. त्यांच्या शेजारी रांचीकडून लाकूडतोडीला आणलेले आदिवासी, त्यांना सगळे नुसतं 'रांची' म्हणतात. १९२१च्या बंडातले मलबारचे मोपले, त्यांनी तिथल्या खेड्यांना कालिकत, मंजेरी अशी गावाकडची नावं दिलेली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित. भाचीच्या शेजारणीला मी सहज विचारलं, तुमचे पणजोबा कशासाठी आले होते? ती म्हणाली, "जहाज से आए थे, और क्या!" विषय संपला. आमच्या गल्लीत आजोबांनी दीड फूट सरकवलेलं कुंपण अजून निघतं.

"तिथी राह्यले हरकत नाई," काकू म्हणाल्या. कुणाच्या कुंपणावरून बोलणं चाललंय, हे दोघींनाही माहीत होतं. नाव घेतलं नाही.

मग मी म्हटलं, "काकू, जुनी वीसची नोट आहे का? लाल-नारिंगी?"

कमरेचा बटवा निघाला. आत सुपारी, लवंगा, महाराजांचा अंगारा आणि चार घड्या घातलेली नोट. उलगडून मागची बाजू समोर धरली. माडाची झाडं, त्यांच्या आडून समुद्र, पल्याड हिरवी टेकडी आणि तिच्यावर काडीएवढा दीपस्तंभ. काकूंनी नोट डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ. इतकी वर्षं हे चित्र त्यांच्या कमरेला होतं.

"मले वाटे कोकन असन."

"ही नॉर्थ बे. माउंट हॅरिएटला जाताना वाटेवरून असंच दिसतं. चॅथमच्या धक्क्यावरून फेरीबोट, तिच्यात माणसं, मोटारसायकली, कोंबड्यांचे खुराडे सगळं एकत्र. पलीकडे बांबू फ्लॅटला उतरायचं अन् जंगलातला घाट. वर जवळजवळ चारशे मीटर. २०२१पासून त्याचं नाव माउंट मणिपूर, कारण १८९१च्या लढाईनंतर मणिपूरचा राजा अन् त्याची माणसं तिथं कैदेत होती."

"अन् नव्या नोटीवर काय हाये?"

"वेरूळ."

"मंग बराबर. घरचं आनलं."

त्या हॅरिएटच्या डोंगराची खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती मी काकूंसाठी राखून ठेवली होती. कारण काकूंचं माहेर जलंबचं.

"जलंब-खामगाव रेल्वे कोणी सुरू केली, माहीत आहे?"

"विंग्रजायनं."

"लॉर्ड मेयोनं. अख्ख्या हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. १८७०ला स्वतः खामगावला आला होता. कापसाचा बाजार, अन् त्या बाजारासाठी जलंबहून काढलेला हा आठ मैलांचा फाटा. त्याच मेयोला दोन वर्षांनी तिकडं मारलं."

काकूंनी शेंग खाली ठेवली.

८ फेब्रुवारी १८७२. मेयो पोर्ट ब्लेअरची पाहणी करायला आला होता. दिवसभर कैद्यांच्या वस्त्या पाहिल्या, बंदोबस्त कडक. संध्याकाळी काम संपलं, तेव्हा साहेबाच्या मनात आलं, त्या समोरच्या डोंगरावरून सूर्यास्त पाहावा. वर गेला, बसला, पाहिला, फार सुंदर म्हणाला. उतरेपर्यंत अंधार पडला. पायथ्याच्या होपटाउनच्या धक्क्यावर मशालींच्या उजेडात बोटीकडे चालला होता, तेवढ्यात मागून एक पठाण कैदी झेपावला. शेर अली. तिथं न्हाव्याचं काम करायचा. सुरी पाठीत. बोटीतून जहाजाकडे नेता नेताच साहेब गेला. शेर अलीला ११ मार्चला व्हायपर बेटावर फाशी दिलं.

"सूर्य पायला मंग त्यानं?"

"पाहिला."

"मंग ठीक." थोडं थांबून, "भेंडवळले इचारायचं नं त्यानं येताना. खामगावपासून काय लांब हाये? घटमांडनीत पानाच्या इड्यावरून राजाचं सांगतेत."

भेंडवळची ही भाकिताची घटमांडणी आपल्याच तालुक्यातली, तीनशेहून अधिक वर्षांची असं वाघ घराण्यात सांगतात. म्हणजे मेयो खामगावला आला तेव्हा अक्षय्य तृतीयेला विडा मांडला जात असणारच. मेयोला कोणी सांगितलं नाही, एवढंच.

मी त्या धक्क्याच्या जागेपाशी फार थांबले नाही. पाहण्यासारखं काही नाही. वरचं जंगल मात्र पाहण्यासारखं. पडौकची झाडं सरळ उंच, बुंध्याला फळ्या उभ्या केल्यागत पाख्या फुटलेल्या, आणि जमिनीवर उन्हाचा एक ठिपका धरून बसलेली फुलपाखरं. याच पडौकचं लाल लाकूड कापायला चॅथमला १८८३ला गिरणी घातली. ती अजून आहे. १९४२ला जपान्यांनी टाकलेल्या बॉम्बचा खड्डाही त्यांनी जपून ठेवलाय, पाटी लावून.

रॉस बेटाचं थोडक्यात सांगते. साहेबांचं चर्च, नाचघर, पाव भाजायची भट्टी, सगळं वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी गिळलंय आणि हरणं येऊन हातातलं खातात. काकूंना हरणांचं अप्रूप नाही. "हरनं त आपल्या हरभऱ्यात येतेत. त्यायले हातानं खाऊ घालाले मी नाई जाऊन राहिली काया पान्यावर."

वांडूरची गंमत त्यांना जास्त पटली. तिथून जॉली बॉय बेटावर बोट जाते, पण आत प्लॅस्टिक न्यायचं नाही. बाटली, पिशवी सगळं दाखवून जायचं. तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ दिसतं, मासे दिसतात. आणि ते बेट कायम उघडं नसतं. काही महिने जॉली बॉय, काही महिने शेजारचं रेड स्किन. एकाला विश्रांती, एकावर गर्दी.

"जमीन पडीक ठेवतेत तसं," काकू म्हणाल्या. बरोबर तसंच.

वांडूरच्या या वाटेवरच सिप्पीघाट लागतो, आणि माझी गाडी खरी तिथं अडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी. तलाव म्हणावा तर मधून मेलेल्या माडांचे खुंट वर आलेले, बांधांच्या रेघा पाण्याखाली दिसणाऱ्या. ही धानाची शेतं होती. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीनच सुमारे मीटरभर खचली. लाट आली तशी परत गेली, पण शेतं खाली गेल्यामुळे भरतीचं पाणी आत आलं ते राहिलं. ज्याचं शेत, त्याच्या नावावर अजून शेत, आत खेकडे.

काकू काही बोलल्या नाहीत. सोले काढत राहिल्या. त्यांचं सासरचं वावर पूर्णेकडच्या खारपाण पट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी गुरांनाही मानवत नाही. त्या पाण्यानं किडनी गेलेली माणसं आमच्या आणि संग्रामपूर तालुक्यात घरोघर नसली तरी गावोगाव आहेत. १४० गाव पाणीपुरवठा योजनेचं वान धरणाचं पाणी कुठं पोचलं, कुठं नाही, हा आमच्याकडे बारमाही विषय.

"त्यायचं खारं पानी वरून आलं," त्या शेवटी म्हणाल्या. "आपलं खालून येते."

"गोड्या पाण्याचीही रड आहेच तिथं. एवढा पाऊस, पण डोंगरावरून समुद्रात जाऊन पडतो. धनीखारी नावाचं एक धरण, त्याच्यावर अख्खं गाव. उन्हाळ्यात नळ दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. छपराछपरावर काळ्या टाक्या."

"म्हंजे तू जळगावातच राहून आली."

यावर मी हसले, पण मनात दुसरंच होतं. ते सांगावं की नाही कळेना; काकूंना असल्या गोष्टी नसता घोर वाटतात. तरी सांगितलं. जपानी, इंग्रज, कैदी, निर्वासित यांच्या आधीपासून जे त्या बेटांवर होते, ते ग्रेट अंदमानी लोक. १८५९च्या मे महिन्यात त्यांनी अबर्डीनला इंग्रजांवर चाल केली. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी त्यांच्यात राहत होता, त्यानंच आधी येऊन फोडलं. बाण विरुद्ध तोफा. समुद्राकाठी त्या लढाईचं स्मारक आहे. संध्याकाळी त्याच्या कठड्यावर पोरं पाणीपुरी खातात. त्यानंतर गोवर, देवी, नाना रोग. आता ते पन्नास-साठच उरलेत. त्यांच्यातली बोआ नावाची म्हातारी २६ जानेवारी २०१०ला वारली. 'बो' भाषा बोलणारी ती शेवटची. भाषा टिपून घेणाऱ्या अन्विता अब्बी सांगतात, बोलायला कोणी उरलं नव्हतं म्हणून ती पाखरांशी त्या भाषेत बोलायची.

"पाखरायले समजे?"

"ती म्हणायची, समजतं."

"मंग समजत असन." काकूंनी हाताशी आलेली किडकी शेंग भिरकावली. "आपल्या जामोदकडची थे डिंक घेऊन येते नं, सोनबर्डीची, थे तिच्या पोरीशी काय बोलते, मले आजलोग एक अक्षर समजलं नाई. कोरकू म्हनाव त कोरकू नाई."

निहाली. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात न बसणारी भाषा, बोलणारी माणसं दोन-अडीच हजार, तीही बहुतेक आपल्याच तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत. कुइपर नावाच्या डच पंडितानं १९६२ला तिच्यावर पुस्तक लिहिलं; पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले अभ्यासक येऊन गेले. माझ्या वर्गात निहालांची लेकरं बसायची. मुकी बसायची. आम्ही त्यांना 'लाजाळू' म्हणायचो.

हे काकूंना बोलले नाही. म्हटलं फक्त, "पुढच्या बाजाराला आली की थांबवा तिला माझ्यासाठी."

"डिंक पायजे?"

"डिंकही पाहिजे."

तेवढ्यात काकूंचा मूळ मुद्दा आलाच. "खर्च किती आला व?" आवाज खाली. मी सांगितला. शेगावहून मुंबई-हावडा मेल, कोलकात्यात एक रात्र, मग विमान दोन-सव्वादोन तास. जहाजही आहे, तीन दिवस लागतात, पण पोटातलं सगळं बाहेर येतं. राहायला भाचीचं घर होतं म्हणून स्वस्तात पडलं. उतरतानाचा विमानतळ सावरकरांच्या नावाचा. खिडकीतून आधी रान दिसतं, मग टेकड्या, आणि धावपट्टी चढावर आहे की काय असं वाटतं.

"चढ लय हाये म्हनतं, पन रिक्षा भेटते नं?"

"भेटते."

"भाकर?"

"ज्वारीचं पीठ न्यावं लागेल."

"थे काय, दोन किलो नेता येते." काकूंनी हे इतक्या सहज म्हटलं की मी वर पाहिलं. त्यांनी नजर सुपात घातली. "अन् मेयोच्या डोंगरावर गाडी जाते का शेवटलोग?"

मी उत्तर देणार, तोच आतून सुनेची हाक आली, "आई, नळ आले वं! हंडे लावा!" सूप काखेत, पदर कमरेत, काकू निघाल्यासुद्धा. न्हाणीच्या दारापर्यंत गेल्या, आणि तिथून वळून परत भिंतीशी आल्या.

"बँकेतल्या वैनीले सांगू नोको, मी खर्च इचारला म्हून," त्या म्हणाल्या. "अन् माही इसाची नोट दे इकडं."